दहा लाखांचे मैदान, तेरा कोटींची जमीन



रेल्वे वसाहतीत मुलांसाठी बास्केटबॉलचे मैदान करून द्या, अशी मागणी पीएनएमच्या बैठकीत मांडली की प्रशासनाचे उत्तर काय येणार हे आता आम्हाला पाठ झाले आहे. ‘फंड नाही.’ एवढेच दोन शब्द. इतिवृत्तात त्याच्या चार ओळी इंग्रजीत होतात आणि विषय बंद. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडावा, तर ‘मागील उत्तर पाहावे’. आमच्या भागातील एका वसाहतीची मागणी अशीच तीन वर्षे कागदावर फिरली. अखेर प्रशासनाने एक अंदाजपत्रक काढून आमच्यापुढे टाकले. त्यातला आकडा पाहून आमचेच काही सभासद म्हणाले, ‘राहू द्या साहेब, एवढ्या पैशात आधी गटारे होतील.’

ते अंदाजपत्रक आम्ही घरी नेऊन ओळीओळीने वाचले. त्यात परदेशी पद्धतीचा रंगीत सिंथेटिक थर होता. चार उंच दिव्यांचे मनोरे होते. भोवती जाळीचे कुंपण, पेव्हर ब्लॉकची वाट, मान्यवरांना बसायला छपराची बैठक आणि दारावर उद्घाटकाच्या नावासाठी ग्रॅनाइटची पाटी होती. मागितली होती भाकरी, दर दाखवला पंचपक्वान्नांच्या ताटाचा! आणि वर ऐकवले की, बघा, तुमची मागणीच अवाजवी आहे.

मागणी मोडून काढायची ही जुनी रीत आहे. नाही म्हणायचे नाही. किंमत फुगवायची, म्हणजे मागणाराच लाजून मागे फिरतो. म्हणून या लेखात आम्ही फक्त हिशेब मांडणार आहोत. आम्ही इंजिनीअर नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेले आहोत. पण रेल्वेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला लांबी, रुंदी आणि खोलीचा गुणाकार येतो.

मैदानाला लागते काय?

बास्केटबॉलचे पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. भोवताली पळायला व थांबायला २ मीटर मोकळी जागा धरली तर ३२ गुणिले १९, म्हणजे ६०८ चौरस मीटर. गावाकडच्या भाषेत सहा गुंठे. क्रिकेटचे मैदान एकरात मोजावे लागते. इथे सहा गुंठ्यांत दहा मुले एकाच वेळी घाम गाळतात आणि वीस मुले कडेला आपली पाळी यायची वाट पाहतात.

आता थर बघू. जमीन २५ सेंटिमीटर खोदून सपाट करायची : १५२ घनमीटर. त्यावर १५ सेंटिमीटर दगडी सोलिंग, धुम्मस करून : ९१ घनमीटर. त्यावर १० सेंटिमीटर काँक्रीट : सुमारे ६१ घनमीटर. खांब दोन, फळ्या दोन, रिंगा दोन. फळी १.८० मीटर रुंद व १.०५ मीटर उंच. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, तिचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर रुंदीच्या पांढऱ्या रेषा. आणि उताराच्या बाजूला पाणी काढणारा एक चर. झाले मैदान.

दर ठिकाणाठिकाणी वेगळे असतात, म्हणून आम्ही काही दर धरून चालतो. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून तोच गुणाकार पुन्हा करावा. खोदाई घनमीटरला ३०० रुपये धरली तर ४५,६०० रुपये. सोलिंग घनमीटरला १,८०० रुपये धरले तर १,६४,१६०. काँक्रीट माल, मजुरी, शटरिंग यांसह घनमीटरला ७,००० रुपये धरले तर ४,२५,६००. खांब-फळ्या-रिंगांचे दीड लाख. चर आणि रंगकामाचे ६० हजार. बेरीज ८,४५,३६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी चढवा : ९,९७,५२५ रुपये. म्हणजे दहा लाख रुपये.

दहा लाख ही रक्कम कामगाराच्या दृष्टीने लहान नाही. पण ती एका वर्षाची नाही, हे अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही. नीट केलेले काँक्रीट वीस वर्षे टिकेल असे धरले तर वर्षाला पडतात ५० हजार. रंग, जाळ्या, रिंगांची दुरुस्ती यासाठी वर्षाला आणखी २५ हजार बाजूला ठेवा. एकूण ७५ हजार. तीनशे क्वार्टर्सची वसाहत असेल तर दर क्वार्टरमागे वर्षाला २५० रुपये, महिन्याला २१ रुपये. स्टेशनबाहेर दोन कटिंग चहाला जेवढे लागतात तेवढ्यात एका घरातील मुलांचा महिनाभराचा खेळ! हे पैसे कामगाराने द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. ते प्रशासनानेच द्यायचे आहेत. आम्ही फक्त हे दाखवतो आहोत की ज्या खर्चाचा बाऊ केला जातो त्याची लायकी किती.

चार सेंटिमीटर कोणाच्या खिशात?

मैदान महाग होते ते दोन ठिकाणी. एक वर सांगितले : पाटी, मनोरे, बैठक. दुसरे ठिकाण जमिनीखाली आहे आणि ते दिसत नाही.

काँक्रीट दहा सेंटिमीटर लिहायचे आणि सहा घालायचे. फरक चार सेंटिमीटरांचा. ६०८ चौरस मीटरवर चार सेंटिमीटर म्हणजे २४.३ घनमीटर, आपण धरलेल्या दराने १ लाख ७० हजार रुपये. सोलिंगचा दगड अर्धा टाकायचा, त्यावर मुरूम पसरून रोलर फिरवायचा. उद्घाटनाला सगळे गुळगुळीत दिसते. दोन पावसाळ्यांनी भेगा, तिसऱ्याला खड्डे. मग तेच प्रशासन म्हणते, ‘दिले होते ना मैदान, तुम्हाला सांभाळता आले नाही.’

बंधूंनो, हे काम तपासायला बाहेरचा तज्ज्ञ कशाला हवा? रुळाखालची खडी किती खोल आहे हे फावड्याच्या पहिल्या घावाला ओळखणारा गँगमन आपल्यात आहे. आता त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, हात तेच आहेत. पाणी साचले की रूळ बसतो, हे ज्याला भर पावसात पेट्रोलिंग करून कळले आहे, त्याला मैदानाचा उतार शिकवावा लागत नाही. शंभराला एक उतार दिला तर १९ मीटर रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १९ सेंटिमीटरांचा फरक पडला पाहिजे. एक पाण्याची नळी आणि एक टेप घेऊन दोन माणसे हे दहा मिनिटांत तपासू शकतात. एकास दीडास तीन या प्रमाणात एका घनमीटर काँक्रीटला साधारण आठ गोण्या सिमेंट लागते. म्हणजे मैदानाला ४८६ गोण्या. शाखेच्या कार्यकर्त्याने रिकाम्या गोण्या मोजाव्यात. काँक्रीट एकसंध न ओतता चौकोन पाडून, सांधे ठेवून ओतले आहे की नाही, हे पाहावे. ओतल्यावर किमान सात दिवस, जमल्यास चौदा दिवस, त्यावर पाणी मारले जाते की नाही, हे वसाहतीतील कोणतीही आजी ओट्यावर बसून सांगेल. काम होत असताना डोळे उघडे ठेवणे हाही संघटनेच्या कामाचा भाग आहे. वीस वर्षांचे मैदान पाच वर्षांत फुटले तर वर्षाचा खर्च ५० हजारांवरून दोन लाखांवर जातो, आणि ते पैसे आपल्याच वसाहतीच्या वाट्याचे असतात.

सिंथेटिक थराबद्दल आमचा हट्ट नाही. खालचे काँक्रीट चांगले असेल तर रंगीत थर पुढेही चढवता येतो. नुसत्या काँक्रीटवर गुडघ्यांना त्रास होतो, हे खरे आहे. पण आज ती मुले रस्त्यावर, गाड्यांच्या मधून आणि काही ठिकाणी यार्डाच्या कडेला खेळतात. तेथे गुडघ्यापेक्षा मोठा धोका असतो, हे रेल्वेवाल्यांना कोणी सांगायला नको.

‘हा तर साहेबांचा खेळ’

आपल्यातील काही जुने साथी विचारतात, कबड्डी, खो-खो सोडून हा बास्केटबॉल कशाला? प्रश्न रास्त आहे. कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, आणि त्याला माती लागते. शेजारी तेही झालेच पाहिजे. त्याला तर काँक्रीटही नको. आम्हाला दोन्ही हवी आहेत. शिवाय बास्केटबॉलच्या त्याच काँक्रीटवर १८ बाय ९ मीटरचे व्हॉलीबॉलचे मैदान आखता येते, बॅडमिंटनचेही आखता येते. खांबासाठी दोन भोके ठेवली की एका खर्चात तीन खेळ.

आणि साहेबांचा खेळ म्हणाल, तर १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला तो पीच फळांच्या दोन टोपल्या खिळ्यांनी ठोकून. कडाक्याच्या हिवाळ्यात पोरांना थोड्या जागेत खेळवायचे होते, एवढेच कारण. साहेबी थाट त्याला पुढे चिकटला. मुंबईत नागपाड्यासारख्या दाट कष्टकरी वस्तीत हा खेळ रुजला आणि तेथून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू भारताचा कर्णधार झाला. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्यात जागा कमी होती, माणसे जास्त होती. आपल्या वसाहतींचे चित्र याहून वेगळे आहे काय?

रेल्वे प्रशासनाला या खेळाचे वावडे मुळीच नाही. राष्ट्रीय स्पर्धांत भारतीय रेल्वेच्या महिला संघाने किती वेळा विजेतेपद घेतले हे क्रीडा मंडळाच्या पत्रकात मोठ्या अक्षरांत छापले जाते. दक्षिण रेल्वेत नोकरी करणाऱ्या गीतू अॅना जोस यांना २०१४ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच रेल्वेच्या अनिता पॉलदुराई यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आम्हाला या भगिनींचा अभिमान आहे. पण प्रशासनाला आम्ही विचारतो : तयार खेळाडू क्रीडा कोट्यातून घ्यायचा आणि त्याच्या पदकाबरोबर फोटो काढायचा, एवढ्यापुरताच खेळ आपला काय? पॉइंट्समनच्या मुलीने चेंडू हातात घ्यायचा तो कोठे? मुलगी संध्याकाळी लांबच्या स्टेडियममध्ये जाऊ शकत नाही. घरचे पाठवत नाहीत. क्वार्टरच्या खिडकीतून दिसणाऱ्या मैदानावर ती जाते. आई कुकर लावून खिडकीतून बघते, आणि मुलगी खेळते. मुलींसाठी योजना जाहीर करणाऱ्यांनी हा साधा हिशेब कधी केला आहे काय?

टपालातील बंधूंसाठी

आमचे टपाल खात्यातील साथी म्हणतील, आमच्या वसाहतीत सहा गुंठे कोठून आणायचे? त्यांच्यासाठी तीन विरुद्ध तीन हा प्रकार आहे. त्याला एकच रिंग लागते. मैदान १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब, म्हणजे १६५ चौरस मीटर. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो खेळवला गेला, तेव्हा त्याला गल्लीतला खेळ म्हणून कोणी हिणवू नये. चारही बाजूंना एक मीटर मोकळी जागा धरून २२१ चौरस मीटर, काँक्रीट २२ घनमीटर. खर्च वरच्या हिशेबाच्या निम्म्याच्याही आत येतो. सॉर्टिंगच्या रात्रपाळीवरून आलेला आरएमएसचा माणूस दिवसा झोपतो. त्याच्या झोपेत मुलांचा चेंडू येऊ नये म्हणून मैदान इमारतीच्या भिंतीला लागून न करता कोपऱ्यात करावे, एवढी काळजी घ्यायला हवी. ग्रामीण डाक सेवकांना तर क्वार्टर्सच नाहीत. त्यांच्या मुलांचा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानाशी जोडून वेगळा मांडावा लागेल, आणि तो मांडणे हेही आपलेच काम आहे.

खरी किंमत कशाची?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दहा लाखांचे काम तीन वर्षे का अडते?

वर आम्ही खोदाई धरली, दगड धरला, सिमेंट धरले. एका गोष्टीची किंमत धरली नाही : जमिनीची. कारण ती आपल्याच वसाहतीची आहे. पण ती किंमत दुसरे कोणी तरी धरत आहे. ६०८ चौरस मीटर म्हणजे ६,५४५ चौरस फूट. मुंबईसारख्या शहरात चौरस फुटाला २० हजार रुपये भाव धरला तर या सहा गुंठ्यांची किंमत होते १३ कोटी ९ लाख. दहा लाखांचे मैदान केले की तेरा कोटींची जागा अडते. ‘फंड नाही’ या उत्तराचा अर्थ तेथे शोधा.

हा आमचा संशयी स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. रेल्वे कायद्यात २००५ साली दुरुस्ती करून रेल्वेच्या जमिनीचा व्यापारी वापर करण्यासाठी रेल लँड डेव्हलपमेंट अथॉरिटी उभी करण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘नॅशनल मॉनेटायझेशन पाइपलाइन’ नावाची यादी जाहीर केली. त्यात ४०० स्टेशने होती, ९० प्रवासी गाड्या होत्या, आणि रेल्वेची १५ स्टेडियम व निवडक रेल्वे वसाहतीही होत्या. त्याच वर्षी व्यापारी विकासाच्या अभ्यासासाठी ज्या रेल्वे मैदानांची नावे पुढे आली त्यांत मुंबईची परळ आणि महालक्ष्मी होती, दिल्लीचे कर्नैल सिंग स्टेडियम होते. दूरसंचारच्या साथींनी हेच आधी पाहिले : २०१९ च्या बीएसएनएल पुनरुज्जीवन योजनेत जागा व इमारतींतून पैसा उभा करण्याचे कलम होतेच. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२५ ते २०३० साठी दहा लाख कोटी रुपयांची पुढची मुद्रीकरण योजना जाहीर झाली.

वसाहतींच्या पुनर्विकासाचा नमुना सर्वांना माहीत आहे. जुनी बैठी क्वार्टर्स पाडायची, थोड्या जागेत उंच इमारत बांधून कामगारांना तीत हलवायचे, आणि मोकळी झालेली जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकासकाला द्यायची. नवी पक्की घरे आम्हालाही हवीत. गळक्या छपराखाली राहण्याची हौस कोणालाच नाही. पण नकाशावर जी जागा ‘मोकळी’ म्हणून दाखवली जाते ती मोकळी नसते. तेथे मुले खेळतात, आंबेडकर जयंती आणि गणपतीचे मांडव पडतात, लग्ने लागतात, आणि एखादा साथी गेला तर शोकसभाही तेथेच होते. कागदावर हे काहीच दिसत नाही. जमिनीवर काँक्रीट आणि पांढऱ्या रेषा आल्या, दोन खांब उभे राहिले, वसाहतीच्या नकाशात ‘क्रीडांगण’ असा शब्द चढला, की तीच जागा उचलून देणे कठीण होते. मैदान बांधणे म्हणजे जागेवर आपला हक्क नोंदवणे होय. प्रशासनाला हे आपल्याआधी कळले आहे.

आधी गटारे की आधी मैदान?

ज्या साथींनी गटारांचा प्रश्न काढला त्यांना आम्ही सन्मानाने उत्तर देतो. जेथे छत गळते, सांडपाणी तुंबते, तेथे ते काम पहिले. यात दुमत नाही. पण मागच्या तीन वर्षांत त्या वसाहतीत मैदान झाले नाही, म्हणून गटारे झाली काय? नाही झाली. मैदानाचे पैसे वाचवून कोणी छप्पर शाकारले नाही. एका मागणीच्या डोक्यावर दुसरी मागणी आपटायची आणि दोन्ही फोडायच्या, हा प्रशासनाचा डाव आहे. आपण दोन्ही मागण्या एकाच पत्रावर, एकाच सहीने द्याव्यात.

सर्व शाखांना आमचे आवाहन आहे की, पुढील बैठकीपूर्वी या मागण्या लेखी द्याव्यात :

१. प्रत्येक वसाहतीतील मोकळ्या जागेची मोजणी कामगार प्रतिनिधींसमक्ष व्हावी आणि खेळाची जागा नकाशात क्रीडांगण म्हणून नोंदवावी.

२. साध्या काँक्रीटच्या मैदानाचे अंदाजपत्रक वेगळे काढावे. दिवे, कुंपण, बैठक यांचा खर्च त्यात मिसळू नये.

३. बांधकामाचा खर्च प्रशासनाने बांधकामाच्या तरतुदीतून करावा. स्टाफ बेनिफिट फंडाचा पैसा कामगारांच्या कल्याणाचा आहे. तो चेंडू, जाळ्या आणि प्रशिक्षक यांसाठी राखावा. त्या फंडाच्या समितीवर आपले प्रतिनिधी बसतात, त्यांनी तेथे जागे राहावे.

४. कामाच्या प्रत्येक थराची खोली प्रतिनिधींसमोर मोजावी व नोंदवहीत लिहावी.

५. पुनर्विकासाच्या कोणत्याही करारात आधी क्रीडांगण, मग विकासकाची जागा, असा क्रम राहील याची लेखी हमी द्यावी.

भुसावळ असो की इटारसी, अजनी असो की हुबळी, खरगपूर असो की सिकंदराबाद, मराठी कामगार जेथे जेथे रेल्वेच्या वा टपालाच्या वसाहतीत राहतो तेथे त्याने उद्या सकाळी टेप घेऊन आपल्या मोकळ्या जागेवर जावे आणि ३२ बाय १९ मीटर मोजावे. चार कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा कराव्यात. फंड येईपर्यंत मुले त्या खुणांमध्येच खेळतील. पण जागा किती आहे, कोठे आहे आणि कोणाची आहे, हे सर्वांना दिसेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!